दोन फोनवाल्यांची बाजू

फोन एकच असावा, चांगला असावा आणि सगळं त्यातच असावं, असं माझं ठाम मत होतं. निपाणीत आमच्या ओळखीपाळखीत कुणाला फोन घ्यायचा असला की माणूस आधी माझ्याकडं यायचा. "सर, कुठला घ्यावा ओ?" मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, तेव्हा सरांना यातलं कळतं असा लोकांचा समज झाला आणि मीही तो कधी खोडून काढला नाही. वहीचं पान फाडून त्यावर रकाने आखायचे, बॅटरी, रॅम, कॅमेरा, स्टोरेज, किंमत असं लिहायचं, दोन-तीन मॉडेलं शेजारी-शेजारी मांडायची आणि एकावर गोल करायचा. कागद हातात देताना शेवटचं वाक्य ठरलेलं असे : "आणि तो जुना डबा आता ठेवून द्या."

हे वाक्य मी आता म्हणत नाही. जुना बटणांचा फोन चालू असेल तर तो चालूच ठेवा, म्हणतो. डबा ठेवून दिलेली माणसं बाजारात भेटतात आणि "तुम्हीच सांगितलं होतं की!" म्हणतात. तेव्हा काय झालं ते एकदा लिहून टाकावं.

आमच्या भागात दोन फोन बाळगायला एके काळी रोख पैशाचं कारण होतं. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. मधे वीसेक किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रेषा पडली आणि पुढं चाळीसेक वर्षांनी मोबाईल आला तेव्हा कंपन्यांची सर्कलंही त्याच रेषेवर कापली गेली. इकडं कर्नाटक सर्कल, तिकडं महाराष्ट्र-गोवा. आमची सोयरीक कोल्हापूर-गडहिंग्लजकडं, मालाचा व्यवहार दोन्हीकडं, दवाखाना कधी बेळगाव तर कधी कोल्हापूर. पण कर्नाटकाचं कार्ड घेऊन कोगनोळीचा नाका ओलांडला की रोमिंग सुरू. आलेला फोन उचलला तरी पैसे जायचे.

बरं, नाका ओलांडायलाच हवा असंही नव्हतं. सीमेलगतच्या गावांत पलीकडचा टॉवर जास्त जवळ. माणूस आपल्याच सोप्यात बसलेला, फोन मात्र महाराष्ट्रात गेलेला! मग कुणी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हातानं निवडून ठेवायचं, कुणी रिंग वाजली की उठून परड्यात जायचं, तिथं आपला टॉवर लागतो म्हणून. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन फोन, एक इकडच्या कार्डाचा आणि एक तिकडच्या. तंबाखूच्या वखारीत तर व्यापाऱ्याच्या सदऱ्याला दोन्ही बाजूंनी खिसे भरलेले दिसत. २००३ साली आलेला नोकिया ११०० तिथं फार चालला. जगात तो पंचवीस कोटींवर खपला म्हणतात. आमच्याकडं त्याचं कौतुक दोनच गोष्टींसाठी होतं. वीज गेली की टॉर्च, आणि धूळ आत न जाणारी बटणं. वखारीतल्या धुळीत टिकला तो फोन.

पुढं दोन सिमांचे हँडसेट आले. नोकियाला ते बरंच उशिरा सुचलं, तोवर मायक्रोमॅक्ससारख्यांनी बाजार मारला. मग २०१५ च्या जूनमध्ये बीएसएनएलनं रोमिंगमधला इनकमिंग मोफत केला, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि २०१७ पर्यंत बाकीच्यांनाही रोमिंग सोडावं लागलं. महाराष्ट्राचा सीमाखटला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे तसाच आहे. फोनपुरता सीमाप्रश्न असा दोन वर्षांत निकालात निघाला.

कारण संपलं म्हणजे दोन फोनही संपायला हवे होते. ते संपले नाहीत. एक मोठा काचेचा आणि एक बटणांचा अशी नवी जोडी तयार झाली. मला ही नुसती सवय वाटली आणि थोडा चिकटपणाही, जुनी वस्तू टाकवत नाही म्हणून. रकान्यांच्या हिशेबात बटणांच्या फोनची बाजू मांडता येईल अशी एकही ओळ नव्हती. कॅमेरा नाही, ॲप नाहीत, मराठी लिहायची धड सोय नाही. जिओफोन निघाला तेव्हा मात्र मी खूश झालो. २०१७ ला पंधराशे रुपये अनामत भरून मिळणारा, बटणं असलेला, आणि वर्षभरात त्यावर व्हॉट्सॲपही आलेलं. संक्रमणाचा फोन, असं मी त्याला म्हणायचो. लोक यावरून हळूहळू काचेवर येतील. पुढं २०२४ च्या जूनमध्ये व्हॉट्सॲपनं त्या फोनच्या प्रणालीवर नव्यानं उतरवून घेणं बंद केलं आणि २०२५ च्या सुरुवातीला चालू असलेलंही काढून घेतलं. फोन तसाच ठणठणीत राहिला. त्यावरून बोलता येत होतं, फक्त ज्याच्यासाठी तो घेतला ते गेलं. यंत्र आणि ॲप यांची आयुष्यं वेगवेगळी असतात हे माझ्या रकान्यांत कुठं लिहिलेलंच नव्हतं.

पण मत त्याआधीच्या पुरांनीही बदललं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरपाशी पाण्याखाली गेला, २०२१ च्या जुलैत वेदगंगेनं यमगर्णीजवळ तोच रस्ता अडवला. दोन्ही वेळा वीज गेली. माझा स्मार्टफोन दुसऱ्या संध्याकाळी मिटला. समोरच्या आक्कांचा बटणांचा फोन चालूच होता आणि गल्लीतले अर्धे निरोप त्याच्यावरून गेले. आक्का कुणालाही नाही म्हणाल्या नाहीत, फक्त "दोन मिंटात आवरा" एवढंच. एका टप्प्याला टॉवरच बंद पडला तेव्हा त्यांचा आणि माझा फोन सारखाच झाला, हेही सांगायला हवं. मी यातून काय घेतलं? वहीच्या पानावर 'पॉवर बँक' अशी एक ओळ वाढवली. बस.

खरा फरक पडला तो लोकांच्या हातांकडं बघायला लागल्यावर. निवृत्तीनंतर वेळ बराच होता. एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. तिची आई आणि चुलती विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओलसर पानं, बोटं सारखी चालू. त्या बायांचा रोज विड्यांच्या संख्येवर, त्यामुळं हात थांबवणं म्हणजे पैसे थांबवणं. शेजारी बटणांचा फोन. रिंग वाजली की करंगळीच्या मागच्या बाजूनं बटण दाबायचं, स्पीकर लावायचा, बोलत-बोलत वळत राहायचं. मुलीनं आईला स्मार्टफोनही घेऊन दिला होता (माझ्याच सल्ल्यानं, आणि मॉडेल चांगलं होतं). तो कपाटात. "त्येला बोट कळत न्हाई सर," आई म्हणाली. ओलं, तंबाखूनं माखलेलं बोट काचेला कळत नाही. चारदा घासावं लागतं, तोवर फोन कट. दूध काढणाऱ्याचं, गुऱ्हाळात काम करणाऱ्याचं, भांडी घासणाऱ्या बाईचंही तेच. मी आजवर हातांच्या कोरडेपणाची अट गृहीत धरून तुलना करत होतो, आणि आमच्या तालुक्यात दिवसाचा मोठा भाग ती अट पुरी होत नाही.

त्यानंतर बाजारात गेलो तर दुसरंच दिसायला लागलं. पैसे आल्याची वर्दी देणारा डबा आज प्रत्येक गाड्यावर आहे. एका ओळीत एक मराठीत बोलतो, पुढचा कन्नडमध्ये, तिसरा हिंदीत, आणि दुकानदार कुणीच फोनकडं बघत नाही. म्हणजे यूपीआयसारखी आधुनिक गोष्टसुद्धा बाजारात रुळली ती पडद्यावरून नाही, कानावरून. हात मोकळे ठेवणारं यंत्र लोकांनी झटकन घेतलं. हे मला आधी कळायला हरकत नव्हती.

आणखी एक. बटणांचा फोन घराचा असतो. त्याला कुलूप नसतं. टीव्हीवर किंवा कोनाड्यात ठेवलेला असतो, वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. स्मार्टफोन एकाच माणसाचा, त्याच्या बोटाच्या ठशाचा. आमच्याकडं घरातला एकुलता चांगला फोन बहुधा कॉलेजातल्या पोराच्या खिशात असतो. पोरगा सकाळच्या बसनं कोल्हापूरला गेला की मागं घर मुकं. आजा आजारी पडला तर आजीनं करायचं काय? लँडलाईन गेल्यावर घराला नंबर उरला नाही, आणि ती जागा या डब्यानं भरली होती. मी ती रिकामी करायला सांगत फिरत होतो.

शेवटचा धक्का पैशाचा. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लग्नपत्रिका येते, कधी गाडीचा दंड, कधी शेतकरी योजनेची यादी. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, माणूस नेहमीच्या सवयीनं 'हो' करतो. मग बँकेचा ओटीपी आला की तो मालकाच्या आधी दुसऱ्यालाच दिसतो. आमच्या ओळखीत दोघांनी एकच पत्रिका उघडली. एकाचं खातं धुऊन निघालं. दुसऱ्याच्या व्हॉट्सॲपवरून ती पत्रिका पुढं सगळ्या पाहुण्यांना गेली, पण खात्यातून काही गेलं नाही. कारण त्याचं बँकेचं सिम बटणांच्या फोनमध्ये होतं. शहाणपणानं नव्हे, आधीपासून तिथंच होतं म्हणून. त्या फोनवर एपीके चालूच शकत नाही. ओटीपी येतो तो फक्त त्याच्या डोळ्यांना.

सावध राहा, अनोळखी फाईल उघडू नका, हे व्याख्यान मी शाळेत दिलंय, तरुण मंडळात दिलंय. पण माणूस दिवसभर सावध राहत नाही. गबाळेपणा झाला तरी ज्यात नुकसान मर्यादित राहतं ती मांडणी, सतत जागं राहायला लावणाऱ्या मांडणीपेक्षा बरी. तिजोरीची किल्ली आणि टपालपेटी एकाच यंत्रात ठेवायचा आग्रह मी सोडला तो इथं.

स्मार्टफोनची नालस्ती करायची नाही मला. कर्नाटकानं 'भूमी' योजनेत २००० च्या सुमारास जमिनीचे उतारे संगणकावर आणले. ते कन्नडमध्ये. मराठी शेतकरी तो कागद घेऊन वाचून दाखवणारा शोधत फिरायचा, आणि वाचून दाखवणाऱ्याला चहा पाजावा लागायचा. आज कॅमेरा धरला की काम होतं. गूगलच्या भाषांतरात कन्नड २०११ ला आली, मराठी २०१३ ला. नावांचा कधी-कधी चुथडा होतो, पण क्षेत्र किती, बोजा कुणाचा, हे तलाठ्याकडं जायच्या आधी समजतं. ही सोय मी सोडणार नाही. (सोय झाली म्हणून मराठीत कागद द्यायची मागणी कुणी मोडीत काढू नये, एवढंच. कॅमेरा माझा, डेटाही माझाच. कागद सरकारचा आहे.)

तर आता माझ्याकडंही दोन फोन आहेत. पेन्शनच्या खात्याचा नंबर बटणांच्या फोनमध्ये. अडचण अशी की यूपीआयचं ॲप सुरू करताना बँकेला जोडलेल्या सिमवरून, त्याच फोनमधून मेसेज जावा लागतो. सिम एकीकडं, ॲप दुसरीकडं असं जमत नाही. साध्या फोनवरून यूपीआय करायची सोय २०२२ च्या मार्चमध्ये आली आहे, पुढं तिची मर्यादा एका वेळेला दहा हजारांपर्यंत वाढवलीही, पण भाजीवाल्यापुढं उभं राहून आकडे दाबत बसायला मला कंटाळा येतो. म्हणून दुसरं छोटं खातं काढलं. त्यात महिन्याच्या बाजाराएवढे पैसे असतात, आणि त्याचा नंबर स्मार्टफोनमध्ये. गेले तर तेवढेच जातील.

पुण्यातला मुलगा या सगळ्याला हसतो. दोन रिचार्ज कशाला, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं. बटणांच्या फोनलाही डेटासकट पॅक मारावा लागे, वापरायचा कुठं ते विचारू नका. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक काढायला सांगितलं. देशात असे बटणांच्या फोनवाले सुमारे पंधरा कोटी आहेत, असा आकडा तेव्हा त्यांनीच दिला. मी आधी या पंधरा कोटींना रांगेत थांबलेले लोक समजायचो, आज ना उद्या स्मार्टफोनच्या खिडकीशी पोचणारे. आता वाटतं, त्यातले बरेच रांगेत नाहीतच.

तो बिनडेटाचा पॅक मी घेतला. कंपनीच्या ॲपमध्ये खूप खाली होता, सापडायला वेळ लागला. शोधला स्मार्टफोनवर, भरलाही त्यावरूनच. आणि रिचार्ज झाल्याचा मेसेज बटणांच्या फोनवर आला, कन्नडमध्ये. मग त्याच्यापुढं कॅमेरा धरला.