आमच्या आगगाडीचा फलक

खेळ आणि अभ्यास यांच्यामध्ये एक उंच भिंत आहे, व ती ओलांडून पलीकडे गेलेले मूल वाया गेले, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. आमच्या शाळेतील काही मुले गेले वर्षभर दर शनिवारी दुपारी एका मोठ्या मेजाखाली उताणी पडून तारा जोडीत असतात, हे कळल्यावर काही पालकांनी आम्हांस अगदी सौम्य शब्दांत विचारले, की ‘सर, या आगगाडीच्या खेळाने मुलांच्या पदरात काय पडणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रस्त्यात उभ्याउभ्या देण्यापेक्षा या अंकात सविस्तर लिहावे, असे आम्हांस वाटले.

कुरखेड्यास रेल्वे नाही. सती नदीकाठच्या या गावातील मुलास आगगाडी पाहावयाची तर वडशास जावे लागते. तेथून जाणारा गोंदिया–बल्लारशा मार्ग पूर्वी अवघ्या अडीच फूट रुंदीचा होता. १९९० च्या दशकात तो रुंद झाला, तरी आजोबांच्या बोलण्यात ती जुनी छोटी गाडी अद्यापि धावतच असते. स्थानकावर मुलांस इंजिन दिसते, डबे दिसतात, तांबडा-हिरवा दिवाही दिसतो. परंतु तो दिवा कोणी लावला, आणि कशाच्या भरवशावर लावला, हे मात्र दिसत नाही. ज्या फलकावरून हे सारे चालते तो स्टेशनमास्तरांच्या खोलीत असतो, व तेथे प्रवाशास मज्जाव असतो. मेजावरील रेल्वेचा पहिला लाभ हाच, की ती खोली मुलांस मोकळी होते.

अशी रेल्वे काही आम्हीच प्रथम उभारली असे नव्हे. पुण्यास कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ रोजी ते खुले झाले. पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने ते अवश्य पाहावे. आमचा संसार त्यापुढे अगदीच लहान आहे: एक वर्तुळाकार मार्ग, एक लूप लाइन, चार सांधे आणि एक इवलेसे यार्ड. आमची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आहे. या मापात दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर भरते व प्रवासी डबा वीतभराहून थोडा अधिक लांब होतो. रुळांतून खेळणारी वीज अधिकांत अधिक १२ व्होल्टची असते. घरातील वीज २३० व्होल्टची असते. ती ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडेच अडविलेली आहे, हे पालकांच्या समाधानासाठी येथे सांगून ठेवतो.

आता फलकाकडे वळू. प्लायवुडची एक फळी घेऊन मुलांनी तीवर आपल्या रेल्वेचा नकाशा रंगविला व नकाशात जेथे जे आहे, तेथेच त्याचा खटका बसविला. यार्डाचा खटका यार्डाच्या रेघेवर, लूपचा लूपच्या रेघेवर. खटके एका ओळीत बसविले असते तर काम लवकर झाले असते; पण मग कोणता खटका कशाचा, हे दर वेळी आठवावे लागले असते.

मार्गाचे आम्ही सहा भाग केले आहेत. हे भाग कशासाठी, हे धानपिकवणाऱ्या मुलुखातील मुलांस समजावून सांगण्यास फारसा वेळ लागत नाही. शेतात धुरे घालून आपण बांध्या पाडतो व पाणी हव्या त्या बांधीत घेतो, नको तेथे अडवितो. त्याचप्रमाणे रुळांत बारीक फटी ठेवून विजेच्या बांध्या पाडावयाच्या. ज्या बांधीचा खटका उघडला, तेथील इंजिन चालेल. शेजारच्या बांधीतील इंजिन स्वस्थ उभे राहील. धुरा नसेल तर दोन्ही इंजिने एकदम धावू लागतील. दिशा बदलण्यासाठी सहा टोकांचा एक खटका असतो. त्याच्या पाठीमागे दोन तारा एकमेकींस ओलांडून जोडल्या, की रुळांतील धन व ऋण टोकांची अदलाबदल होते आणि इंजिन उलटे चालू लागते.

सांध्यांची गोष्ट निराळी. सांधा हलविणाऱ्या वेटोळ्यास वीज क्षणभरच द्यावयाची असते. ती तशीच वाहू दिली तर वेटोळे तापून जळते. म्हणून तेथे खटका न बसविता दाबताच जोडणारे व बोट उचलताच सुटणारे बटन बसवितात. फलकावरील प्रत्येक बारीक दिव्याआड हजार ओहमचा रोधक घालावा लागतो. न घातल्यास दिवा एकदाच झळकून कायमचा विझतो. ओहमचा नियम आमच्या मुलांनी अशा रीतीने आधी हाताने शिकून घेतला आणि मग वहीत उतरविला.

फळीच्या पोटाशी मात्र तारांचे रान माजते. ते आवरण्यासाठी दोनच नियम आम्ही घालून दिले आहेत. प्रत्येक कामाच्या तारेचा रंग ठरलेला असावा. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांकाची चिठ्ठी लावून तोच क्रमांक वहीत लिहिल्यावाचून डाख देऊ नये. मुलांस हे फार जाचते. डाख देण्यात गंमत आहे, चिठ्ठ्या लिहिण्यात काय गंमत? तथापि एखादा भाग बंद पडून त्याचा शोध घेण्याची पाळी आली, म्हणजे ती वही हातोहात फिरू लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचे असेच एक रेल्वे-मंडळ स्थापन झाले. टेलिफोनच्या यंत्रांतील रिले वापरून त्यांनी मेजाखाली मोठे जाळे विणले. त्यांतील काही विद्यार्थी पुढे तेथील संगणकांकडे वळले व संगणकास कामाला जुंपणाऱ्या पहिल्या पिढीत गणले गेले. पालकांच्या प्रश्नास हे एक उत्तर झाले. पण आमचे उत्तर याहून साधे आहे, आणि ते आम्हांस आठवीतल्या एका मुलाने दिले.

फलकावर आमच्या मुलांनी प्रथम अशी जोडणी केली होती, की लूपचे बटन दाबले म्हणजे लूपचा हिरवा दिवा लागावा. एके दिवशी सांध्याच्या पात्यात वाळूचा कण अडकला. बटन दाबले, दिवा लागला, आणि गाडी सरळ मुख्य मार्गाने निघून गेली! तो मुलगा दिव्याकडे टक लावून बसला होता. तो म्हणाला, “सर, हा दिवा लबाड बोलते जी! आपण बटन दाबलं, एवढंच त्याला माहीत हाये. सांधा फिरला का नाही, ते त्यानं पाह्यलंच नाही.”

रेल्वेच्या सुरक्षेचे मर्म त्याने एका वाक्यात सांगितले होते. आज्ञा दिली गेली हे एक, आणि आज्ञा पाळली गेली हे दुसरे. मुलांनी मग सांध्याच्या पात्याखाली दोन बारीक खटके बसविले. पाते पुरते एका बाजूस टेकले तरच त्या बाजूचा दिवा लागतो. मध्येच अडकले तर कोणताच दिवा लागत नाही. खऱ्या रेल्वेतही सांधा वळून पक्का बसल्याची खूण मिळाल्यावाचून त्यावरचा सिग्नल उतरू नये, अशीच रचना असते. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली रुळांतून अखंड वीज वाहती ठेवण्याची जी युक्ती काढली, तिच्यातही हेच शहाणपण आहे. रुळांवर गाडी आली, अथवा तारच तुटली, तरी वीज रिलेपर्यंत पोहोचत नाही व सिग्नल तांबडा होतो. खात्री नसेल तेथे थांबावे, हा त्याचा अर्थ.

ही सावधगिरी ढळली म्हणजे काय होते, ते आपल्या देशाने नुकतेच पाहिले आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकापाशी कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. भरधाव गाडी लूपवर उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. सिग्नलच्या जोडणीत फेरबदल करताना चुका झाल्या होत्या, आणि एका पेटीतील तारांवर चुकीच्या चिठ्ठ्या लागलेल्या होत्या, असे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत नमूद झाले. ती बातमी आमच्या मुलांनी वाचली आहे. चिठ्ठ्या लिहिण्यात काय गंमत, असे आता कोणी विचारीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गात आम्ही विचारतो, “समजले?” आणि चाळीस कंठांतून एकच आवाज उठतो, “हो सर!” तो होकार बहुधा आमच्या प्रश्नाच्या बटनास जोडलेला असतो, तुमच्या आकलनाच्या सांध्यास जोडलेला नसतो. घरीही आई विचारते, “अभ्यास झाला का रे?” आणि दिवा तत्काळ लागतो. न समजलेले समजले म्हणण्यापेक्षा गप्प राहणे बरे, आणि ‘नाही समजले, सर’ असे उघड म्हणणे सर्वांत बरे. कारण मग पाते कोठे अडकले आहे, ते आम्हांस वाकून पाहता येते.

पालकांसही आमची एक विनंती आहे. ‘नाही समजले’ असे म्हणणाऱ्या मुलावर रागावू नका. ज्या घरात त्या उत्तरास मार मिळतो, त्या घरात खोटे दिवे लागू लागतात. आगगाडीच्या खेळाने मुलांच्या पदरात काय पडणार, याचे आमचे उत्तर एवढेच आहे. शनिवारी दोन वाजल्यानंतर सवड असेल त्या पालकाने अवश्य यावे; मुले फलक उलटा करून आतल्या तारा दाखवितील.