बादलीतले जीव

सालं-देठांचं घरीच खत करू, असं सूनबाई म्हणाली, तेव्हा दोन महिने मी टाळलं. कुजवायचं म्हणजे जीवोत्पत्ती, ती आपल्या हातानं कशाला? पण घंटागाडीत दिलेला कचरा डेपोत कुजतोच की, फक्त माझ्या डोळ्यांआड. बी.कॉम. झालेली मी, माझा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकत होते.

शेवटी जुन्या बादलीला भोकं पाडली. तळाशी नारळाच्या शेंड्या. मग एक वाटी चिरलेली, थोडी सुकवलेली सालं आणि त्यावर दोन-तीन वाट्या वाळका पाला. शिजलेलं अन्न नाही. (ते ताटात उरूच नये!)

पहिल्याच पावसात पाणी शिरलं, वास सुटला, अळ्या झाल्या. शेजारीण म्हणाली, औषध मारा. माझा हात धजेना. बादली आडोशाला घेतली, भरपूर वाळका पाला घातला, फडकं बांधलं आणि आठ दिवस ढवळलं नाही. वास गेला, अळ्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या. प्रतिक्रमणात त्यांचीही क्षमा मागितली.

तीन महिन्यांनी काळं, भुसभुशीत खत निघालं. या चातुर्मासात बादली पावसाआधीच घरात घेतली आहे. ह्यांची कुरकुर चालू आहे.