जामखेडची वाट

सहलीचा बेत आखताना आपण बहुधा समुद्रकिनारा, एखादा गड किंवा देवस्थान निवडतो. या खेपेस एक निराळे ठिकाण सुचवावेसे वाटते. अहिल्यानगरहून आष्टीमार्गे आग्नेयेस निघालात, की सुमारे पाऊणशे किलोमीटरवर जामखेड लागते. बालाघाटच्या उघड्या टेकड्या, ज्वारीची जिरायती राने, बांधावरची बाभळ आणि लिंब एवढेच वाटेवर दिसते. पाऊस येथे नेहमीच हात आखडता घेतो. याच तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव, आणि याच तालुक्यातील खर्डा येथे १७९५ साली मराठे व निजाम यांची लढाई झाली. ही दोन्ही स्थळे अवश्य पाहावीत. परंतु आपण आरोग्याचे वाचक; आपल्यासाठी येथे आणखी एक पाहण्याजोगे स्थळ आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. आरंभी त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही दिवसांनी त्याच आजाराने पुन्हा दारात उभा राहतो. कारण आजाराचे मूळ त्याच्या पाण्यात, ताटात आणि दारिद्र्यात असते. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे कुटुंब परतले आणि १९७० साली जामखेडला स्थायिक झाले. पुढे कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनीही हेच काम आपले मानले.

त्या काळी या परिसरात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. हा आकडा क्षणभर आपल्या घराच्या मापाने मोजून पाहा. सहा पाळणे हलावेत आणि वर्षाच्या आत त्यांतील एक रिकामा व्हावा, असा त्याचा अर्थ होतो. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे, मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल म्हणून गरोदर बाईने बेताचेच खायचे, अशा समजुतींनी हे पाळणे रिकामे होत होते.

त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. उपाशी माणसाला औषधाआधी अन्न आणि पाणी हवे होते. म्हणून मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, विंधनविहिरी घेतल्या गेल्या. यांतील कित्येक हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. ज्यांनी पूर्वी त्या वस्तीची वाट टाळली, ते हंडे घेऊन तेथे रांगेत उभे राहू लागले. शुद्ध पाण्याबरोबर गावाच्या मनातील गाळही थोडा उपसला गेला.

सर्वांत धाडसाचा निर्णय मात्र पुढचा होता. शिकलेली परिचारिका खेड्यात रुजेना, तेव्हा गावातील बायकांनाच आरोग्याचे शिक्षण द्यायचे ठरले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, काही परित्यक्ता, काही तथाकथित खालच्या जातींतील. नियमाने जामखेडला येऊन त्या शिकू लागल्या: गरोदरपणाची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचे वजन, लसीकरण, क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे. परतल्यावर त्या घरोघर जात आणि आपल्याच बोलीत सांगत. सुमारे दोन दशकांत या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसापेक्षा खाली आले.

या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी पुढे वॉशिंग्टनमधील एका आरोग्य परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सुचवले, की डॉक्टर या झुंबरांसारखे असतात, सुंदर पण महाग, आणि टांगले असतील तेथेच उजेड देणारे. आपण मात्र साध्या पणत्या, एका पणतीवर दुसरी लावता येते.

जामखेडचा हा उजेड दूरवर गेला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या आरोग्यकार्यांवर ग्रंथ काढला, त्यात टांझानिया आणि नायजर या आफ्रिकी देशांतील प्रयोगांच्या पंक्तीत जामखेडही होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आफ्रिकेतील आरोग्य कार्यकर्तेही येथे शिकण्यासाठी येत आले आहेत. भाषा निराळी, माती निराळी. पण जुलाबाने सुकलेले मूल आणि त्याच्या उशाशी बसलेली भेदरलेली आई दोन्हीकडे सारखीच. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले. काम थांबले नाही.

येथे जायचे झाल्यास आधी कळवून, परवानगी घेऊन जावे, आणि मुलांना सोबत न्यावे. परतताना एक गोष्ट पाठ करून यावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. जुलाब होणाऱ्या मुलास हे पाणी घोटघोट पाजत राहावे, अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

ही कृती आपल्याला ठाऊक असेलही. पण आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ती ठाऊक आहे का? त्यांच्या नातवाच्या सगळ्या लसी झाल्या आहेत का? उद्या सकाळी चहाचा कप हाती देताना एवढे विचारून पाहा. जामखेडच्या बायकांनीही आरंभ असाच, शेजारच्या उंबऱ्यापासून केला होता.