दुकानातील माझी खुर्ची

अडतीस वर्षे मी शाळेत मुलांची हजेरी घेतली. निवृत्तीनंतर गिऱ्हाइकांची हजेरी घेण्याची पाळी माझ्यावर येईल आणि त्या परीक्षेत मीच अनुत्तीर्ण ठरेन, असे भाकीत कोणी केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. परंतु घडले ते असेच. ज्या घरांत एखादा मुलगा लहानसा धंदा काढून बसला आहे आणि वडीलधारी मंडळी त्याच्या भल्याकरिता तळमळत आहेत, त्या घरांना या हकीकतीचा काही उपयोग होईल, म्हणून ती सांगतो.

आमचे धावडा हे गाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने वसलेले आहे. बुलढाणा जिल्ह्याची हद्द येथून जवळच. मिरची, मका आणि कापूस यांवर येथील लोकांचा संसार चालतो. त्यामुळे पैसा येतो तो हंगामाबरोबर आणि जातोही हंगामाबरोबर. आमचे कुटुंब एकत्र आहे. माझे धाकटे बंधू दिवंगत झाल्यापासून त्यांचा मुलगा माझ्याच छायेखाली वाढला. तो शहरात कारखान्यात नोकरीला होता. २०२० च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली आणि तो बायकोमुलांसह घरी परतला. रस्त्याकडेची ओसरी मोकळीच होती. त्याची आई पापड-कुरडयांत आणि पत्नी शेव-चिवड्यात निष्णात. तेव्हा तयार खाद्यपदार्थांचे लहानसे दुकान घालावे, असे ठरले.

पहिला आक्षेप आला तो घरातूनच. आमच्या आत्याबाईंचे वय त्या वेळी ब्याऐंशी होते. त्या म्हणाल्या, "अरे, दारी आलेल्याला आपण अन्न वाढतो. त्याचे पैसे मोजून घ्यायचे?" त्यांचे बोलणे निराधार नव्हते. ब्राह्मणाने काय विकू नये याची जी यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे, तीत शिजविलेले अन्नही आहे. मी त्यांना सांगितले की, तोच अध्याय आपत्काली वैश्यवृत्तीने निर्वाह करण्याची मुभाही देतो. आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत तर अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ निर्माण करावे, हे व्रतच सांगितले आहे. आत्याबाईंनी माझे पांडित्य शांतपणे ऐकून घेतले आणि पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "विकायचे तर विक बाबा. पण जे आपल्या पंगतीत वाढायला लाज वाटेल, ते काट्यावर ठेवू नकोस." या वाक्याची खरी किंमत मला पुढे कळली.

अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान विक्रेत्यासही नोंदणी करावी लागते. ती करून दुकान उघडले. पहिले पंधरा दिवस गर्दी झाली. गावात नवे काही निघाले की लोक एकदा येतातच. ते कौतुकाचे येणे, गरजेचे नव्हे. तिसऱ्या आठवड्यापासून ओसरी ओस पडू लागली. तेव्हा मी कंबर कसली.

प्रथम मी एक पाटी रंगवून घेतली. तीवर शुद्ध देवनागरीत 'सात्त्विक स्वादिष्ट खाद्यपदार्थ विक्रय केंद्र' असे लिहविले. शब्दयोजना निर्दोष होती. परंतु येथे शेव मिळते की चिवडा, याचा तीवरून कोणास बोध होत नव्हता. नंतर मी पुतण्यास सल्ला दिला की, माल वाढव; आठ जिनसांनी गिऱ्हाईक कसे ओढले जाईल? आठांच्या सव्वीस जिनसा झाल्या. त्या नीट दिसाव्यात म्हणून मीच पारदर्शक पिशव्यांचे तोरण दाराशी, भर उन्हात टांगविले. शेवटी महिन्यातून एक दिवस निम्म्या दराने विक्रीही करून पाहिली. त्या दिवशी झुंबड उडाली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक विचारू लागले, "काल निम्म्यात परवडले, मग आज दुप्पट का?" त्यांच्या या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एवढ्यावर निभावले असते तर बरे. परंतु उन्हात टांगलेली ती शेव खवट झाली. तळलेल्या पदार्थातील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याला वास येऊ लागतो आणि ऊन व उजेड यांनी ती क्रिया अधिकच त्वरेने घडते, हे मी सातवीच्या मुलांना शिकविलेले होते! तशा शेवेचे काही पुडे विकले गेले. एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले नाही. आम्ही समाधान मानले. पण ती माणसे पुन्हा फिरकलीच नाहीत. भांडावयास येणारे गिऱ्हाईक अजून आपले असते. जे मुकाट्याने दुसऱ्या दुकानी जाते, ते गेलेलेच असते.

याच सुमारास सुनेने घरात सुचविले की, थोडा शिळा झालेला माल वेगळा करून स्वस्तात विकावा. तेव्हा मला लिज्जत पापडाची गोष्ट आठवली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. त्या आरंभी दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांना पैसे देणारे छगनबाप्पा यांनी सांगितले की, एकच प्रत ठेवा आणि तीत कधी तडजोड करू नका. पुढे त्या गच्चीवरून हजारो स्त्रियांना काम देणारी संस्था उभी राहिली. मी ही गोष्ट सांगत असता आत्याबाई आतून म्हणाल्या, "मी निराळे काय सांगितले होते?" सव्वीस जिनसा पुन्हा आठांवर आल्या आणि पिशव्यांचे तोरण उतरले.

तरीही गिऱ्हाईक येईना. तेव्हा मी एक वही घातली. कोण आले, किती वाजता आले, काय घेतले, हे हजेरीपटाप्रमाणे लिहू लागलो. गल्ल्याजवळ माझी खुर्ची होतीच. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत मी तीवर बसे. दिवेलागणीला मी मारुतीच्या दर्शनास जाई आणि त्या तासाभराची नोंद सूनबाई ठेवी. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा विलक्षण प्रकार दिसला. दिवसभरात मिळून जेवढी विक्री होई, जवळजवळ तेवढीच त्या एका तासात होत होती. मी म्हणालो, "संध्याकाळची वेळ लोकांना सोयीची दिसते." सूनबाई गप्प राहिली. मी पुन्हा विचारले, तेव्हा पदराचे टोक बोटांत गुंडाळीत ती म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर सांगते. लोक तुमच्या जाण्याची वाट पाहत असतात."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे निघालो, पण वळणापाशी पिंपळाच्या आड थांबलो. समोरच्या पाराजवळ एक शेतकरी उभा होता. तो माझाच विद्यार्थी. गणितात मी त्याला दोनदा नापास केले होते. मी दिसेनासा होताच तो रस्ता ओलांडून दुकानात शिरला. त्याच्या मागून दोन बायका गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला. त्या ओसरीवर तो आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काय करीत होतो, ते एकेक आठवू लागले. कोणी दहा रुपयांची शेव मागितली तर मी म्हणे, "पाव किलो घ्या, परवडेल." बाप आला तर त्याच्या मुलाचे गुण चारचौघांत विचारी. उधारी मागणारास ऋणाच्या दोषांवर उपदेश करी. एका बाईने 'शेवाया' म्हटले, तर 'शेवया' असे सुधारून दिले. मला वाटे, गुरुजी दुकानात बसले आहेत या एका गोष्टीनेच लोकांचा विश्वास वाढेल. विश्वास असेलही, पण परीक्षकासमोर बसून चिवडा खाण्यास कोणाला आवडते? ज्या मुलावर माझे पोटच्या मुलाहून अधिक प्रेम, त्याच्या अन्नाच्या आड मी खुर्ची टाकून बसलो होतो; आणि आदरापोटी त्या मुलाने मला एका शब्दानेही ते सांगितले नव्हते. त्याने पुन्हा नोकरीसाठी शहरात अर्ज केला होता, हेही मला नंतर समजले. आणखी दोन-तीन महिने असेच जाते, तर ओसरीबरोबर घरही रिकामे झाले असते.

सकाळी मी स्वतःच खुर्ची उचलून माजघरात नेली. पुतण्या धावत आला. "काका, असे काय करता? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "लोक काय म्हणतात, ते काल ऐकून आलो आहे." खुर्चीच्या जागी त्याने ओसरीबाहेर एक बाक टाकला आणि माठ ठेवला. पाणी प्यायला थांबलेला माणूस काही विकत घेईलच असे नाही. पण दुकान त्याच्या ओळखीचे होते.

त्यानंतर ज्या सुधारणा झाल्या, त्या मुख्यत्वे पुतण्याने आणि सूनबाईने केल्या. मी फक्त विचारले तर बोललो. पाटी बदलली, तीवर आता 'शेव, चिवडा, पापड, कुरडई' एवढेच आहे. दहा रुपयांची पुडी सुरू झाली. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या हाती सुटे पैसेच असतात आणि त्याच्या मुलाला खाऊ मात्र रोज हवा असतो. वर्तमानपत्राच्या कागदात तळलेला माल बांधणे बंद झाले, कारण त्याची शाई अन्नास लागते. तळणीचे तेल पुनःपुन्हा वापरावयाचे नाही, असे ठरले. २०१८ च्या जुलैपासून तर नियमच आहे की, वापरून बिघडलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण शेकडा पंचवीसच्या वर गेले की ते खाण्यास वापरू नये. आमच्या कढईपाशी ते मोजण्याचे साधन नाही. म्हणून तेल काळवंडण्याची वाट न पाहता ते काढून टाकणे, हा सूनबाईचा नियम. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे फिरविले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याने दर चार महिन्यांनी मापे तपासावीत, असे सांगितले आहे. आमच्याकडे ते काम आता प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी करते.

वेळ मात्र पक्की ठरविली. या बाबतीत पुण्याच्या चितळे बंधूंचे उदाहरण मी दिले. त्यांचे दुपारी एक ते चार बंद राहणारे दुकान हा कित्येक वर्षे विनोदाचा विषय होता आणि पुढे त्यांनी ती प्रथा सोडलीही. परंतु दुकान केव्हा उघडे असेल, हे सर्वांना ठाऊक होते. उन्हातून चालत आलेल्या माणसाला एकदा बंद दार दिसले की तो पुढच्या वेळी निघतानाच विचार करतो. गिरगावात १९१० साली निघालेल्या बेडेकरांच्या दुकानाचा आरंभही साध्या किराण्यानेच झाला होता. मसाले आणि लोणची ही पुढची पायरी. लहान दुकानाला एकदम मोठे होण्याची घाई नसावी. मात्र काल जसे होते तसे आज असावे.

याचा परिणाम काय झाला, असे वाचक विचारतील. आम्ही श्रीमंत झालो नाही. दुकानातून घरातील तिघांची मजुरी निघते आणि दिवाळीला थोडे वर उरते. परंतु पुतण्याने तो नोकरीचा अर्ज पुढे चालविला नाही. बाजाराच्या दिवशी शेजारच्या खेड्यांतील बाया मिरची विकून परत जाताना आवर्जून बाकावर टेकतात, पाणी पितात आणि घरच्या पोरांसाठी पुड्या नेतात. त्यांतील एकीने पापडाला ओवा अधिक घालण्यास सांगितले. तसे करून पाहिले आणि आता तोच पापड सर्वांत अधिक खपतो. मी खुर्चीवर असतो, तर ती बाई हे बोलली असती काय?

गिऱ्हाईक ओढून आणावे लागते, असा माझा समज होता. आता वाटते की, ओढून आणलेले गिऱ्हाईक ओढ संपताच जाते. पहिल्या खेपेला माणूस पाटी पाहून येईल, स्वस्ताई ऐकून येईल, शेजारधर्म म्हणूनही येईल. दुकान चालते ते त्याच्या दुसऱ्या खेपेवर. ती दुसरी खेप मालाच्या चवीवर अवलंबून आहेच, पण तेथे त्याला किती मोकळे वाटले यावरही आहे. आणि हे दुकानापुरतेच कशास? घरातील वडीलधाऱ्यांनीही आपली खुर्ची कोठे ठेवली आहे, हे मधूनमधून पाहावे.

मला मात्र एक काम उरले आहे आणि ते मी मोठ्या आनंदाने करतो. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी शाळेतल्यासारखी एक काळी पाटी पुसून, आजचा माल कोणत्या तारखेचा आहे, हे खडूने तीवर लिहितो आणि माजघरात परत येतो. परवा पाराजवळ उभा राहणारा तो माझा विद्यार्थी सकाळीच आला. मी अजून पाटीपाशीच होतो. तो क्षणभर थबकला, मग पाटीकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, तारीख कालची राहिली आहे."

खरोखरच राहिली होती. मी ती पुसून दुरुस्त केली. तो हसला, बाकावर बसला आणि त्याने पाव किलो शेव मागितली.