सातवा बोल्ट

विक्रोळी म्हटलं की लोकांना गोदरेजचा कारखाना आठवतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या इथे तयार झाल्या, हे आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून अभिमानाने सांगतात. मला मात्र विक्रोळी म्हटलं की लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचं दहा बाय वीसचं पत्र्याचं गॅरेज आठवतं. ते माझ्या अब्बांचं होतं. आज ते नाही. त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, तेव्हा अब्बाही नव्हते.

अब्बा चिपळूण तालुक्यातून पंधराव्या वर्षी मुंबईत आले. हात शिकला तो पद्मिनी टॅक्सींवर. ती गाडी आमच्याच रस्त्यावर, पलीकडे कुर्ल्यात तयार व्हायची. तिचा आवाज ऐकून ते आजार सांगत. पण २००३ साली त्यांच्याकडे एक निराळीच गाडी आली.

मुलुंडचे एक डॉक्टर घेऊन आले होते. दोन माणसांची, उघड्या टपाची, ठेंगणी लाल गाडी. सॅन स्टॉर्म. १९९८ साली बाजारात आलेली, गोव्यात जुळणी होणारी, फायबरच्या अंगाची. आपल्या देशात तेव्हा अशी स्पोर्ट्स कार विरळाच. आत रेनोचं १,१४९ सीसीचं इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड. रस्त्यावरची पोरं गोळा झाली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. गाडीला हात लावता यावा म्हणून मी दिवसभर फडकं घेऊनच फिरत होतो.

गाडी गरम होत होती. पाणी कमी व्हायचं, पण खाली थेंब दिसायचा नाही. अब्बांनी गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी चालू करायला लावली. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. मग तेलाची पट्टी ओढली. तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा. "हेड गॅसकेट गेली," ते म्हणाले.

ब्लॉक आणि हेड यांच्यामधला तो पातळ पत्रा. पण त्याला तीन भांडणारे शेजारी वेगळे ठेवायचे असतात: सिलिंडरमधला स्फोट, इंजिनाला गार ठेवणारं पाणी आणि वंगणाचं तेल. इंजिन तापलं की अॅल्युमिनियम बिडापेक्षा दुपटीच्या आसपास फुगतं. हेड किंचित वाकतं आणि पत्र्यावरची पकड सुटते. मग शेजारी एकमेकांच्या घरात शिरतात.

गाडी तापायचं मूळ थर्मोस्टॅट होतं, ते उघडतच नव्हतं. ते बदलायचं ठरलं. गॅसकेट आणि नवे बोल्ट गोव्याहून मागवले. हेड उतरवलं. अब्बांनी त्याच्यावर सरळपट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेज सरकवून पाहिली. वाक मर्यादेत होता. मग त्यांनी मला एक काम दिलं. ब्लॉकमध्ये बोल्टची दहा होलं असतात, तळाला बंद. हेड उतरवताना त्यांत पाणी, तेल पडतं. ते प्रत्येक होलातून कापडाने टिपायचं, हवा मारायची, कोरडं करायचं. "पाणी दाबलं जात नाही," अब्बा म्हणाले. "बोल्ट पाण्यावर टेकतो आणि पान्याला वाटतं की आवळला."

तो दिवस होता २३ मार्च २००३, रविवार. जोहान्सबर्गला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची विश्वचषकाची फायनल. शेजारच्या चहाच्या टपरीवर टीव्ही लावला होता. दुपारी दीडला सामना सुरू झाला. झहीर खानच्या पहिल्याच षटकात पंधरा धावा गेल्या आणि टपरीवरून जो हलकल्लोळ उठला त्याने माझे हात थांबले. मी टपरीवर गेलो. परत येऊन पुन्हा कामाला लागलो. पुन्हा गेलो. अब्बा हेडचे वॉल्व्ह साफ करत होते. "झाली सगळी?" त्यांनी विचारलं. एका कोपऱ्यातलं होल राहिलं होतं. मी म्हणालो, "झाली."

अब्बांनी गॅसकेट बसवली, हेड ठेवलं आणि मधल्या बोल्टपासून बाहेर बाहेर जात, थोडं थोडं करत आवळत नेलं. एका कडेने आवळलं तर पत्रा एकीकडे दबतो. त्या क्रमात माझं राहिलेलं होल सातवं होतं. रात्री गाडी सुरू झाली. आपण मॅच हरलो होतो. डॉक्टर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले.

मे महिन्यात ते पत्नीला घेऊन नाशिकला निघाले आणि कसारा घाटात इंजिन उकळलं. टेम्पोत घालून गाडी विक्रोळीला आली. डॉक्टर रागावलेले होते. त्यांचं चुकलं नव्हतं. बाई घाटात दोन तास उन्हात बसल्या होत्या.

हेड पुन्हा उघडलं. अब्बांनी गॅसकेट उजेडात धरली. चौथ्या सिलिंडरपासून पाण्याच्या वाटेपर्यंत एक करपट तपकिरी रेघ गेली होती, बरोबर सातव्या बोल्टच्या बाजूला. त्यांनी होलात तार घातली. टोक ओलं आलं. माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चूक माझ्या हाताची आहे. पैसे घेणार नाही."

या वेळी हेड वाकलं होतं. कुर्ल्याला नेऊन फेसिंग करून आणलं. नवी गॅसकेट, नवे बोल्ट, टेम्पोचं भाडं. हे सगळं माझ्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी अम्मीने डब्यात ठेवलेल्या पैशांतून गेलं. प्रवेश एक वर्ष पुढे गेला. अम्मीने विचारलं तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकाची गाडी अमानत असते."

दुसऱ्या वेळी नऊ होलं त्यांनी स्वतः पुसली. सातव्याशी आल्यावर कापड माझ्या हातात दिलं. "हे तू कर." मी केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. ते उभे राहून पाहत होते. मी तेव्हाही काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यानंतर तेरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. हजार गोष्टी बोललो, ही नाही. २०१६ साली ते गेले.

सॅन स्टॉर्म आता रस्त्यावर क्वचितच दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. मी एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतो. दरवर्षी हेड बसवायचा धडा येतो. मुलं होलं पुसतात आणि मी विचारतो, "झाली सगळी?" सगळे एका सुरात म्हणतात, "झाली, सर." मग मी खिशातून तार काढतो आणि सातव्या होलापासून तपासायला सुरुवात करतो. तिथूनच का, असं मुलं विचारतात. आजवर टाळत आलो. यंदा सांगणार आहे.