वाडगाव कुठं गेलं?

आमच्या शेतकरी गटाचे कागद क्लाउडवर गेले ते चक्रीवादळामुळं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा गटाच्या खोलीचे पत्रे उडाले आणि कपाटातल्या रजिस्टरांचा लगदा झाला. पुढं २०२१ साली अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कागद कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मानांकन मिळालं म्हणून कुणीही माळेवर ते नाव लावू शकत नाही. प्रत्येक शेतकऱ्याला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून अर्ज करावा लागतो. आम्ही प्रत्येकाचा सातबारा, ओळखपत्र, संमतीपत्र स्कॅन करून शेअरपॉइंटच्या डॉक्युमेंट लायब्ररीत टाकत गेलो. मी बीकॉम. गटाचा हिशेब बघते, म्हणजे स्कॅनरही मीच बघते.

संचालकांनी एक साधं काम सांगितलं: कुणाचा सातबारा आला, कुणाचा राहिला, याची यादी दर सोमवारी द्यायची. पडद्यावर फोल्डर उघडलं की फायली दिसतात, पण खाली सरकवू तशा नव्या येत राहतात. एक्सेलमध्ये उतरवायचं बटण आहे, त्यानं एकदाची यादी मिळते. मला ती दर आठवड्याला आपोआप हवी होती, शेतकऱ्यांच्या यादीशी ताडून. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मावसभावाला फोन केला.

“ग्राफ एपीआयला विचार ना,” दादा म्हणाला.

“कुणाला?”

“कुणाला नाही गं. एक पत्ता टाकायचा, उत्तर येतं.”

ग्राफ एक्स्प्लोरर नावाचं पान उघडलं. वर एक लांब चौकट, तिच्यात पत्ता टाकायचा. हा पत्ताच प्रश्न असतो, हे पचायला वेळ लागला. त्यात आमच्या लायब्ररीला तिथं कुणी लायब्ररी म्हणत नाही, ‘ड्राइव्ह’ म्हणतात. आधी साइटचा आयडी शोधायचा, त्यावरून ड्राइव्हचा, त्यातल्या ‘रूट’पासून ‘चिल्ड्रन’ मागायचे. पडद्यावर लायब्ररीचं नाव ‘डॉक्युमेंट्स’ आणि ब्राउझरच्या पत्त्यात त्याच लायब्ररीचं नाव ‘शेअर्ड डॉक्युमेंट्स’. दोन वेगळ्या लायब्ऱ्या आहेत असं धरून मी दुसरी शोधत बसले होते. दुसरी नव्हतीच.

उत्तर आलं, तेही ४०३. हे खातं आम्हाला ज्या संस्थेनं उघडून दिलं तिच्या ॲडमिनची मंजुरी लागते म्हणे. ती आली. मग दादानं पायथनचा छोटासा प्रोग्रॅम पाठवला, त्यात एक्स्प्लोररमधलं टोकन चिकटवायचं. सकाळी चाललं. जेवून आले तर ४०१. मला वाटलं मंजुरी काढून घेतली. दादा हसला. टोकन तासा-दीड तासात मरतं, नवं घ्यायचं, एवढंच. ४०१ म्हणजे तुझी ओळखच पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण इथं येण्याचा अधिकार नाही. मांडव्याच्या जेट्टीवर एका कंपनीचं खरंखुरं तिकीट हातात धरून दुसऱ्या कंपनीच्या बोटीसमोर उभं राहावं, तसलं ते ४०३. तेव्हापासून हे दोन आकडे माझ्या डोक्यात कधी उलटसुलट झाले नाहीत.

अखेर फायली दिसल्या. दिसल्या म्हणजे महिरपी कंसांच्या जंगलात नावं दिसली. प्रत्येक नावाखाली आयडी, आकारमान, तारीख. जिथं ‘फोल्डर’ लिहिलंय ते फोल्डर, जिथं ‘फाइल’ लिहिलंय ती फाइल, पण फोल्डरच्या आत काय आहे ते नाही. एका प्रश्नाला एकच मजला. आतलं हवं असेल तर त्या फोल्डरचा आयडी घेऊन पुन्हा विचारा, त्याच्या आतलं हवं तर पुन्हा. तारखांनी वेगळाच घोळ घातला. संमतीपत्रं पहाटे पाच वाजता चढवलेली दिसत होती. आमच्याकडं पहाटे पाचला फार तर माणसं बंदरावर असतात, स्कॅनरपाशी नसतात. वेळेच्या शेवटी असलेल्या झेड या अक्षराचा अर्थ जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आमचे साडेदहा होतात, आणि साडेदहाला मीच तिथं होते.

सातबाऱ्यांचं फोल्डर मी आयडीऐवजी नावानं मागून पाहिलं. चालतं तसंही. फक्त पत्त्यात ‘सातबारा’ या सात चिन्हांच्या शब्दाची त्रेसष्ट अक्षरं झाली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून तीन अक्षरांत लिहिला जातो. काना हेही त्यात स्वतंत्र चिन्ह. पत्ता वाचता येईना, पण उत्तर बरोबर आलं.

सोमवारी यादी छापली. फायलींची नावं आम्ही गावापासून सुरू करतो, म्हणून कार्ले, मग खंडाळे, मग नेहुली, असा क्रम नीट लागला होता. संचालकांमधले वाडगावचे काका चष्मा वर करून शेवटचं पान बघत राहिले.

“पोरी, आमचं वाडगाव कुठं गेलं?”

“काका, असेल ना, मागच्या पानावर बघा.”

“मागं नेहुली आहे. पुढं कायच नाही.”

खरंच नव्हतं. वाडगावचे सातबारे मी स्वतः चढवले होते, पडद्यावर ते दिसत होते आणि यादीत एकही नव्हता. एरर आली नव्हती. लाल अक्षर नाही, इशारा नाही, प्रोग्रॅम सुखानं संपला होता. ओळी मोजल्या, बरोबर २००. इतका गोल आकडा कांद्याच्या वजनकाट्यावर आला असता तर मी लगेच काटा तपासला असता.

दादाला कळवलं तर म्हणाला, “उत्तरात ‘व्हॅल्यू’ नावाची यादी आहे ना, तिच्या बाहेर बघ, नेक्स्टलिंक आहे का.” होती. ॲट ओडेटा डॉट नेक्स्टलिंक, आणि तिच्यापुढं एक अगडबंब पत्ता. चिल्ड्रन मागितले की एका वेळी २०० च देतात. आणखी असतील तर पुढच्या पानाचा पत्ता त्या ओळीत ठेवतात. तो जसाच्या तसा घेऊन पुन्हा विचारायचं, आणि नेक्स्टलिंक येईनाशी होईपर्यंत विचारत राहायचं. हा पत्ता स्वतः जुळवायचा नाही, कारण त्यात पुढचं पान कुठून सुरू होतं त्याची खूण असते. शेअरपॉइंटचा जुना रेस्ट मार्ग वापरला तर लायब्ररीच्या नोंदी मुळात १०० च मिळतात. म्हणजे तिथं बहुधा नेहुलीही गायब झाली असती.

मला याहून जास्त खटकलं ते असं, की खरा आकडा माझ्यासमोरच होता. वरच्या मजल्याच्या उत्तरात ‘सातबारा’ या फोल्डरखाली चाइल्डकाउंट लिहिलेला असतो, थेट आत किती वस्तू आहेत त्याचा. तो ३१७ होता. एकाच यंत्रणेनं आधी ३१७ सांगितले आणि मग २०० देऊन ती गप्प बसली. आता प्रोग्रॅम दोन्ही आकडे ताडतो, आणि जुळले नाहीत तर यादी छापतच नाही.

वाडगाव परत आलं तसं खंडाळं रुसलं. गावनिहाय फोल्डरांत प्रत्येकी ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची एक्सेल फाइल आहे. प्रोग्रॅम ती नावानं शोधतो. खंडाळ्याची सापडेना. पडद्यावर तर ढळढळीत दिसत होती. मी दोन नावं एकाखाली एक ठेवून मोठी केली, काना-मात्रा तपासल्या, मागंपुढं स्पेस आहे का बघितलं. अक्षरन् अक्षर सारखं.

मग दादानं दोन्ही नावांचे संकेतांक छापायला सांगितले. तेव्हा कळलं की ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक फाइल ऑफिसच्या कीबोर्डवर नाव दिलेली, दुसरी कुणाच्या तरी मोबाइलवर. युनिकोडच्या प्रमाणीकरणाचं नेहमीचं फंक्शनही हे दोन एक करत नाही, तेही करून पाहिलं. शेवटी तुलना करण्याआधी दुसऱ्या तऱ्हेची सगळी पहिल्या तऱ्हेत बदलणारी एक ओळ घातली. हा प्रश्न इंग्रजी उदाहरणांवर शिकणाऱ्याला कधीच पडणार नाही. आमच्याकडं ज्या कागदावर ‘शेतकऱ्याचे नाव’ असं छापलेलं आहे, त्या प्रत्येकावर तो पडू शकतो.

मजल्यामागून मजला विचारायचंही आता बंद केलंय. ‘डेल्टा’ म्हणून एक प्रकार आहे. त्यात रूटपासून खालची सगळी फोल्डरं-फायली सरसकट येतात, पानापानानं, आणि शेवटच्या पानावर डेल्टालिंक मिळते. ती जपून ठेवली की पुढच्या सोमवारी तेवढेच बदल मिळतात: नवं काय आलं, काय बदललं, काय पुसलं. कधी एकच फाइल दोनदा येते, तेव्हा शेवटची धरायची.

वाडगावचे काका अजूनही यादी शेवटच्या पानापासूनच वाचतात. तुमच्या पतसंस्थेचे, वाचनालयाचे किंवा मच्छीमार सोसायटीचे कागद असेच क्लाउडवर असतील आणि कुणी तुम्हाला त्यांची यादी आणून दिली, तर तुम्हीही तसंच करा. आणि ओळी नेमक्या १०० किंवा २०० भरल्या, तर सही करण्याआधी नेक्स्टलिंक पाहिली का, एवढं विचारा.