व्यवस्थापनाच्या पोथ्या आणि संजीवक बैल

साहित्याच्या विद्यार्थ्याने काय वाचू नये याची एक अलिखित यादी प्रत्येक भाषाविभागात असते. एके काळी तीत रहस्यकथा असत. पुढे रहस्यकथांवर प्रबंध होऊ लागले आणि त्यांची सुटका झाली. आज त्या यादीच्या अग्रभागी आहेत ती व्यवस्थापनाची लोकप्रिय पुस्तके. रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवर, फुटपाथवरच्या ढिगात आणि अनुवादरूपाने ग्रंथप्रदर्शनांतही ती हटकून भेटतात. आमच्या वर्तुळात मात्र त्यांचा विषय निघतो तो थट्टेपुरताच. विभागप्रमुखपदाची पाळी आमच्यावर आली तेव्हा आम्ही ती पुस्तके वाचायला घेतली. कविता कशी शिकवावी याचे थोडेफार शिक्षण आम्हांला मिळाले होते. माणसे, कागद आणि कार्यभार कसा सांभाळावा हे कोणी शिकवले नव्हते. वाचताना जुनी सवय काही सुटली नाही. निवेदक कोण, गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली जाते, कोणाला बोलूच दिले जात नाही, हे प्रश्न पानोपानी पडत राहिले. त्यामुळे या पुस्तकांतून आम्ही जे शिकलो ते त्यांच्या मुखपृष्ठांवर लिहिलेले नव्हते.

आरंभ स्पेन्सर जॉन्सन यांच्या ‘हू मूव्ह्ड माय चीज?’ (१९९८) या पुस्तकाने करू. कारण ते आकाराने छोटे आणि रूपाने सर्वांत ओळखीचे आहे. शिकागोत जमलेल्या जुन्या शाळासोबत्यांपैकी एक जण इतरांना गोष्ट सांगतो. एका चक्रव्यूहात दोन उंदीर आणि उंदरांएवढीच दोन माणसे चीज खाऊन सुखाने राहत असतात. एके दिवशी चीज नाहीसे होते. उंदीर तत्काळ नवे चीज शोधायला निघतात. माणसांपैकी हॉ भीत भीत निघतो आणि वाटेत शहाणा होतो. हेम मात्र हटून बसतो. गोष्ट संपल्यावर सोबती तिच्यावर चर्चा करतात. कथेभोवती कथा, प्राण्यांच्या मिषाने नीती आणि शेवटी तात्पर्य, हा घाट मराठी वाचकाला नवा नाही. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ पुत्रांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत राजनीतीत तरबेज केले, ते याच पद्धतीने. ‘पंचतंत्र’ हा एका अर्थी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमच आहे, आणि तोही अल्पमुदतीचा.

दोहोंतला फरक मात्र विचार करण्याजोगा आहे. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात, मित्रभेदात, दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री कपटाने तोडतो. सिंहाच्या हातून बैल मारला जातो आणि दमनकाचे स्थान पक्के होते. यशाच्या मापाने पाहिले तर ही दमनकाची यशोगाथा ठरेल. तरीही ग्रंथकर्ता बैलाचे मरण आड लपवत नाही. तो करटकाच्या तोंडून दमनकाची निर्भर्त्सना करवतो आणि सिंहालाही शोक करायला लावतो. यशाची किंमत कोणी मोजली हे वाचकाच्या डोळ्यांसमोर राहते. चीजच्या गोष्टीत मागे राहिलेल्या हेमचे पुढे काय झाले हे कळत नाही. चीज कोणी हलवले, हा शीर्षकातला प्रश्न हेम ओरडून विचारतो तेवढाच. गोष्टीला त्याच्या उत्तराशी कर्तव्य नाही. नोकरकपातीच्या काळात साहेबलोकांना ही गोष्ट कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावीशी का वाटते, याचे उत्तर या मौनातच आहे.

तेव्हापासून व्यवस्थापनाचे कोणतेही पुस्तक हाती आले की आम्ही त्यातला संजीवक शोधतो.

जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ (२००१) हे अधिक भारदस्त पुस्तक. १,४३५ कंपन्यांच्या छाननीतून ११ कंपन्या निवडायच्या आणि त्या चांगल्याच्या थोर कशा झाल्या याची कारणे शोधायची, असा त्याचा व्याप. त्यातली व्यक्तिचित्रे खरोखर चांगली आहेत. किंबर्ली-क्लार्क कंपनीचे डार्विन स्मिथ मूळचे तिथलेच वकील. १९७१ मध्ये ते मुख्याधिकारी झाले आणि त्यांनी कंपनीच्या पिढीजात कागदगिरण्या विकून टाकण्याचे धाडस केले. व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले जेम्स स्टॉकडेल यांचा प्रसंगही असाच लक्षात राहणारा आहे. अखेरच्या सुटकेवर श्रद्धा ठेवावी, पण ती अमुक सणापर्यंत होईल अशा भ्रमात राहू नये, हा त्यांचा अनुभव कोणाही वाचकाला बळ देईल.

परंतु पुढे काळाने या पुस्तकाला आपले परिशिष्ट जोडले. ११ थोर कंपन्यांपैकी सर्किट सिटी या विद्युत उपकरणे विकणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ मध्ये तिची सर्व दुकाने बंद झाली. फॅनी मे ही गृहकर्जक्षेत्रातील संस्था सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकी सरकारला आपल्या नियंत्रणाखाली घ्यावी लागली. वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. कॉलिन्स यांनी स्वतः २००९ मध्ये थोर कंपन्यांच्या पतनावर वेगळे पुस्तक लिहिले. फिल रोझेन्झ्वाइग यांनी तर ‘द हेलो इफेक्ट’ (२००७) या पुस्तकात या साऱ्या लेखनप्रकाराचे मर्म सांगून टाकले होते. कंपनी नफ्यात असली की तिचा प्रमुख दूरदृष्टीचा आणि दृढनिश्चयी दिसतो; ती घसरली की तोच माणूस हटवादी ठरतो. गुण आधी आणि यश नंतर असा आभास होतो. प्रत्यक्षात यशाच्या उजेडात गुण दिसू लागलेले असतात. बखरी वाचलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. निकाल ठाऊक असलेल्या बखरकाराला नायकाच्या बालपणीही शुभलक्षणे सापडतातच.

कॉलिन्स यांच्या पुस्तकातली सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा बसची आहे. कुठे जायचे ते नंतर ठरवा. आधी योग्य माणसे बसमध्ये घ्या, अयोग्य माणसे खाली उतरवा, असा तिचा आशय. प्रतिमा चटपटीत आहे आणि तिचा निवेदक उघडच चालकाच्या आसनावर बसलेला आहे. उतरवलेला माणूस कोणत्या थांब्यावर उभा राहिला, पुढची गाडी किती वाजता होती, हे विचारण्याची सोय तीत नाही. मार्च २००७ मध्ये सर्किट सिटीने सुमारे ३,४०० विक्रेत्यांना एकदम काढले. त्यांचे काम वाईट होते असा आरोप नव्हता. कंपनीने ठरवलेल्या दरापेक्षा त्यांचे वेतन जास्त होते आणि त्यांच्या जागी कमी वेतनावर नवी माणसे घ्यायची होती. हे कॉलिन्स यांच्या पुस्तकाने करायला लावले असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी ‘अयोग्य’ याचा अर्थ ‘महाग’ असा नव्हताच. तथापि, माणसांना बसमधून उतरवण्याची भाषा एकदा अंगवळणी पडली की कोणाला आणि का, हे प्रश्न मागे पडतात.

आमच्या विभागातही त्याच सुमाराची, अर्थात फार लहान प्रमाणावरची, वेळ आली. प्रवेश घटले, एक तुकडी बंद झाली आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दोघांपैकी एकालाच ठेवता येईल असे कळवण्यात आले. शिफारस आम्ही करायची होती. त्या दोघांतल्या बाईंच्या नावावर शोधनिबंध जवळजवळ नव्हते. मात्र दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या लेखनाचा वर्ग घेत आणि घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुले तिथे अर्ज, पत्र, निबंध लिहायला शिकत. गुणतक्त्यात या वर्गासाठी रकाना नव्हता. बाई आमच्याकडे आल्या त्या एवढेच सांगायला: “सर, तास कमी झाले तरी चालतील, शुक्रवारचा वर्ग तेवढा बंद करू नका.”

त्या वेळी आठवण झाली ती पीटर ड्रकर यांच्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या १९६० च्या दशकातल्या पुस्तकाची. त्यात उंदीर नाहीत, बस नाही, विजयगाथाही बेताच्याच. आपला वेळ प्रत्यक्षात कुठे जातो ते लिहून काढा, असे ते सांगते. तसे आम्ही पंधरा दिवस लिहून काढले तेव्हा निम्म्याहून अधिक दिवस अहवालांत जात असल्याचे दिसले. माणूस निवडताना त्याच्यात काय नाही हे पाहू नका, त्याला काय उत्तम येते ते पाहा, असेही ते सांगते. ग्रँट यांच्या मद्यपानाच्या तक्रारी ठाऊक असूनही लिंकन यांनी १८६४ मध्ये सैन्य त्यांच्या हाती दिले, हे ड्रकर यांचे उदाहरण. आम्ही शिफारशीला दोन पानांची पुरवणी जोडली, शुक्रवारच्या वर्गाचे वर्णन केले आणि बाईंचे नाव पहिले घातले. वरती निर्णय गुणतक्त्यावरून झाला. बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत गेल्या. शुक्रवारचा वर्ग आता आम्ही घेतो. त्यांच्याइतका तो जमत नाही.

यातून कळले ते असे. या पुस्तकांचा नेता चालक असतो. आमच्यासारखे बहुतेक प्रमुख मात्र एस.टी.च्या भाषेत वाहक असतात. गाडी कुठे न्यायची हे त्यांच्या हाती नसते. पण कोण कुठे चढला, कोणाला कुठे उतरायचे आहे, कोणाकडे सुटे पैसे नाहीत, हे गाडीत त्यांनाच ठाऊक असते. ही माहिती वरपर्यंत लिहून पोहोचवणे हेही नेतृत्वाचेच काम आहे, आणि ते फसले तरी कागदावर राहते.

अशा लेखनाचा एक जुना नमुना मराठीतच आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ हा राज्य चालवण्याचा व्यवहारग्रंथ. आरमारासाठी लाकूड हवे, आणि आंबा, फणस ही झाडेही त्या कामी उपयोगी, हे त्याला पुरते ठाऊक आहे. तरीही तो त्यांना हात लावू देत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, असा विचार तो नौकाबांधणीच्या प्रकरणात करतो. जीर्ण झालेले झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे तो बजावतो. गलबताच्या हिशेबात झाड लावणाऱ्याचे दुःख धरणारा हा प्रशासक आम्हांला कॉलिन्स यांच्या ११ कंपन्यांपेक्षा जवळचा वाटतो.

तेव्हा ही पुस्तके वाचू नका, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत नाही. यंदा पदव्युत्तर वर्गात कथनमीमांसा शिकवताना चीजची गोष्ट आणि मित्रभेद आम्ही शेजारी शेजारी ठेवले आणि हेमच्या बाजूने तीच गोष्ट लिहून आणायला सांगितले. एकोणीस वह्या आल्या आहेत. तपासायला शुक्रवार उजाडेल.